रोजी कोणाच्या हातात?

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या महिला मेळाव्यात महिला मंडळातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक सांगतो. हे भाषण कोणा एकीचे नाही. आम्ही पाच जणींनी मिळून ते तयार केले आहे. आमच्यातली एक दवाखान्यात आयाचे काम करून निवृत्त झाली. एक अंगणवाडी सेविका आहे. दोघी अजूनही निंदणाला आणि कापूस वेचायला जातात. पाचवी आमची लेक, ती पदवीधर आहे आणि ठेकेदारामार्फत एका कार्यालयात संगणकावर बसते. लिहिले तिने, बोललो आम्ही सगळ्या. वाचून दाखवते ती आमच्यातली एक, एवढेच. म्हणून भाषेत कुठे पुस्तक दिसेल आणि कुठे वावर दिसेल. दोन्ही आमचेच आहेत.

विषय आम्हीच मागून घेतला. कारण असे झाले की, या कार्यक्रमाच्या तयारीच्या बैठकीत एक दादा मोठ्या प्रेमाने म्हणाले, "आता समाजाची प्रगती झाली. आपल्या बायांना कामाला जायची पाळी येऊ नये, त्यांनी घर सांभाळावे, हेच खरे सुख." कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी मान डोलावली. आम्ही गप्प बसलो. घरी जाताना मात्र आमच्यातली एक म्हणाली, "काहून व माय, मी तीस वर्सं कामाला गेली ते का दुःखच होतं?" त्या प्रश्नातून हे भाषण निघाले. दादांचा राग नाही. त्यांच्या आईने काय भोगले ते त्यांनी पाहिले आहे, त्यातूनच ते बोलले. पण आमचे म्हणणे वेगळे आहे, ते शांतपणे ऐकून घ्यावे.

आपल्या आज्या काम करीतच होत्या. बाईने कामाला जावे की नाही, हा प्रश्न आपल्या घरात कधी कोणी विचारलाच नाही. प्रश्न होता मोबदल्याचा. आमच्यातल्या एकीची आजी गावात बाळंतपणे करायची. रात्री-अपरात्री बोलावणे यायचे, जाताना मागच्या दाराने जायचे, आणि बाळ-बाळंतीण सुखरूप झाली की पायलीभर ज्वारी आणि एखादे जुने लुगडे मिळायचे. मिळेल ते घ्यायचे, मागायचे नाही. त्याला मजुरी म्हणत नसत. ज्या हाताने गावातले अर्धे लोक जगात आणले, त्या हाताचे पाणी चालत नव्हते. काम होते, कौशल्य होते, पण भाव ठरवायचा अधिकार नव्हता. सन 1956 च्या 14 ऑक्टोबरला नागपुरात दीक्षा झाली, आणि पुढे गावोगाव आपल्या लोकांनी अशी हलकी समजलेली कामे सोडली. त्या आजीनेही सोडले. पण सोडल्यावर काय? ती दुसऱ्या दिवसापासून रोजीने निंदायला जाऊ लागली. तिथे निदान संध्याकाळी पैसे हातात पडत. थोडेच, पण मोजून. आमच्या मते दान आणि मजुरी यांत जो फरक आहे, तिथूनच या विषयाची सुरुवात होते.

आपल्या विदर्भात या फरकासाठी झगडलेल्या बाया होऊन गेल्या. त्यांची नावे आपण जयंतीला फार कमी घेतो. नागपूरच्या जाईबाई चौधरी. त्यांनी डोक्यावर ओझी वाहून हमाली केली. पुढे मिशनच्या मदतीने शिकल्या, मास्तरीण झाल्या, तर सवर्ण पालकांनी विटाळाचे कारण काढून ओरड केली आणि नोकरी गेली. रडत बसल्या नाहीत. 1922 साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा शाळा काढली. दुसऱ्या राधाबाई कांबळे. नागपूरच्या एम्प्रेस मिलमधल्या कामगार. 1877 साली सुरू झालेल्या त्या मिलमध्ये आपल्या समाजातली कितीतरी माणसे कामाला होती. राधाबाईंनी बाया कामगारांचे गाऱ्हाणे मांडले आणि 1929 साली नेमलेल्या रॉयल कमिशनसमोर साक्ष दिली. विचार करा, एक मिलमजूर बाई इंग्रज साहेबांच्या कमिशनसमोर उभी राहून मजुरीबद्दल बोलते! ती एम्प्रेस मिल 2002 मध्ये कायमची बंद झाली, आता भोंगा वाजत नाही. पण तिच्या पगारावर शिकलेल्या मुलांची मुले आज ठिकठिकाणी नोकऱ्यांत आहेत.

परमपूज्य बाबासाहेबांनी हा प्रश्न फार आधी ओळखला होता. 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात कामगार बायांना बाळंतपणाची भरपगारी विश्रांती मिळावी म्हणून विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, तेव्हा तिचा भार सरकारनेही उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. 1929 मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. 20 जुलै 1942 ला नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो बाया जमल्या होत्या. त्या परिषदेतले ठराव आमच्या लेकीने आम्हाला वाचून दाखवले. त्यात काडीमोडाचा हक्क आहे, एकापेक्षा जास्त बायका करण्याला विरोध आहे, आणि मिलमधल्या, विडी कारखान्यातल्या, नगरपालिकेतल्या कामगार बायांना रजा आणि इजा झाल्यास भरपाई मिळावी, हेही आहे. घरातला हक्क आणि कामावरचा हक्क त्या बायांनी एकाच दिवशी, एकाच मंडपात मागितला. आम्हाला हे फार महत्त्वाचे वाटते. आपण मात्र आता पहिला भाग भाषणात घेतो आणि दुसरा विसरतो.

त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. तेव्हाची एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, पण सांगायला हवी. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून 1943 मध्ये बायांना जमिनीखालच्या खाणीत कामाला घेण्यावरची बंदी उठवण्यात आली. त्यावर टीका झाली, आणि बाबासाहेबांना मध्यवर्ती कायदेमंडळात त्याचा खुलासा करावा लागला. त्या वेळी त्यांनी खाणीत बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळते, या गोष्टीवर बोट ठेवले. 1946 मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. कोणी म्हणेल, अशा कार्यक्रमात हे कशाला? आम्हाला वाटते, मोठ्या माणसालाही अडचणीच्या जागी उभे राहून निर्णय घ्यावे लागतात, आणि त्या जागीही समान कामाला समान दाम हे तत्त्व सोडले नाही, हे आपण जाणून घेतले पाहिजे.

आता आपल्या गावाकडे येऊ. या गावाचे जुने नाव शेगाव. गांधीजी 1936 मध्ये इथे राहायला आले आणि 1940 मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. गांधीजींचे आणि आपले मतभेद सगळ्यांना माहीत आहेत, ते उगाळायला आज आम्ही उभ्या नाही. पण बायांच्या मजुरीपुरती एक गोष्ट घेण्यासारखी आहे. चरखा संघाच्या सूत कातणाऱ्या बायांना दिवसभर कातून फार थोडे पैसे मिळत. 1935 मध्ये गांधीजींनी असा आग्रह धरला की, कातणारणीच्या तासाची किंमत दुसऱ्या कोणत्याही कामगाराच्या तासाइतकी धरली पाहिजे, आठ तासांना आठ आणे. खादी महाग होईल, गिऱ्हाईक पळेल, अशी भीती कार्यकर्त्यांनी घातली. आठ आणे काही प्रत्यक्षात आले नाहीत. पण कातणारणीची मजुरी वाढवण्याचे संघाने ठरवले. मालाचा भाव आधी की बाईचा भाव आधी, हा जो वाद तेव्हा वर्ध्याच्या मातीत झाला, तो आज कापसाच्या वावरात तसाच चालू आहे.

कापूस वेचणे म्हणजे काय ते शहरातल्या मंडळींना सांगायला हवे. कमरेला ओटी बांधायची, पराठीच्या दोन ओळींमधून वाकून चालायचे, बोंडातून कापूस ओढायचा. बोंडाच्या वाळल्या पाकळ्या बोटांना लागतात, नखाजवळची कातडी फाटते. मजुरी दिवसावर नाही, किलोवर. पहिल्या वेच्यात कापूस भरपूर, तेव्हा हात चालतो. शेवटच्या वेच्यात सगळा दिवस फिरून ओटी भरत नाही, तरी किलोचा भाव फार वाढत नाही. शिवाय वजनकाटा मालकाचा. निंदणाची रोजी वेगळी, ती बायांची म्हणून कमी. फवारणीची रोजी जास्त, ती पुरुषांची. कायदा म्हणतो समान कामाला समान वेतन. 1976 चा तो कायदा घ्या की 2019 ची वेतन संहिता घ्या, दोन्हींत हेच आहे. पण गावात काम समान ठेवतच नाहीत ना! आधी कामाची वाटणी करायची, मग बाईच्या वाट्याच्या कामाला हलके म्हणायचे, आणि मग म्हणायचे की काम वेगळे म्हणून दाम वेगळा. आता फवारणी जोखमीची आहे, हे आम्ही नाकारत नाही. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतमजूर आणि शेतकरी दगावले, ते आपण विसरलो नाही. पण दिवसभर वाकून ज्यांच्या कमरा गेल्या, त्यांची जोखीम कोणी मोजली आहे?

या चालीला पहिला धक्का रोजगार हमीने दिला, असे आमच्यातल्या जुन्या बाया सांगतात. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात ती कामे मोठ्या प्रमाणावर निघाली, 1977 मध्ये त्याचा कायदा झाला. वि. स. पागे यांचे नाव या योजनेशी कायमचे जोडले गेले आहे. दुष्काळाची खरी झळ मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राला बसली, आपल्याकडे तितकी नाही. पण योजना आपल्याकडेही आली. खोदलेल्या मातीचे माप घ्यायचे आणि मापावर पैसे. मातीला बाई की पुरुष ते कळत नाही! हजेरीपटावर बाईचे स्वतःचे नाव लागले, अमक्याची बायको म्हणून नाही. आमच्यातली एक म्हणते, "माह्या नावानं कोणी हाक मारली तं ती मस्टरवरच्या बाबूनं. सासरी तं सारे अमक्याची माय म्हनत." पुढे 2005 मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि मजुरी बँकेच्या खात्यात जाऊ लागली.

खाते म्हटले म्हणजे आम्ही मूळ मुद्द्यावर आलो. रोजी मिळते, ती कोणाच्या हातात राहते? पूर्वी बाजाराच्या दिवशी मालक चुकारा करायचा, तेव्हा नवरा आधीच जाऊन दोघांचे पैसे उचलायचा. आता पैसे थेट बायकोच्या नावावर येतात. पण आम्ही मंडळातल्या बायांना साधा प्रश्न विचारला: तुमचे एटीएम कार्ड कुठे आहे? कितीतरी जणी हसल्या. पुस्तक तिच्या नावाचे, कार्ड पोराच्या खिशात. आणि पोराच्या खिशातून ते कुठे जाते, हेही आम्हाला माहीत आहे. आपल्या जिल्ह्यात कायद्याने दारूबंदी आहे, सत्तरच्या दशकापासून आहे. तरी संध्याकाळी काय चालते ते या विहाराच्या पायरीवर बसूनही दिसते. जास्त बोलत नाही.

2024 च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेत महिन्याला 1,500 रुपये बायांच्या खात्यात येऊ लागले. बायांना त्याचा आधार झाला, हे खरे आहे, आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. पण एक भेद मनात ठेवावा. ओवाळणी देणाऱ्याच्या मर्जीवर असते, मजुरी घामाची असते. पायलीभर ज्वारी घेणारी आजी आम्हाला आठवते, म्हणून हा भेद आम्हाला सुटत नाही.

आता नोकरीकडे. या गावात दवाखाना आहे म्हणून आपल्या कित्येक घरांत चूल पेटली. 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी इथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. कस्तुरबा दवाखाना त्याच्याही आधीपासून होता. डॉक्टर बाहेरून आले, पण आया, परिचारिका, स्वयंपाकी, झाडूवाल्या आजूबाजूच्या खेड्यांतून आल्या. ज्या आजीला बाळंतपणाला मागच्या दाराने यावे लागे, तिची सून पांढरी साडी नेसून प्रसूतिगृहात पुढच्या दाराने गेली. काम तेच. पण आता त्याला ड्युटी म्हणतात, महिन्याच्या महिन्याला पगार असतो, आजारी पडले तर रजा असते. आमच्या निवृत्त ताई म्हणतात, पहिला पगार झाला तेव्हा त्यांनी सासूला पातळ आणि मुलीला पाटी घेतली, आणि त्या दिवसापासून सासूने त्यांना "खाऊन घे आधी" म्हणायला सुरुवात केली. हेच ते सामाजिक परिवर्तन. पुस्तकात ते मोठ्या शब्दांत असते, आमच्याकडे ते ताटात दिसले.

अंगणवाडीचे मात्र निराळे. 2 ऑक्टोबर 1975 ला ही योजना सुरू झाली. आज गावातल्या लेकरांचे वजन, गरोदर बाईची नोंद, पोषण आहार, मतदार याद्यांपासून सर्वेक्षणापर्यंत सगळे सेविका आणि मदतनीस करतात. तरी त्यांना पगार नाही, "मानधन" आहे. आशाताईंचे त्याहून अवघड, 2005 पासून त्या एकेका कामाचा मोबदला मोजून घेतात. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा सन्मान केला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी कर्मचाऱ्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निर्णय दिला. आणि डिसेंबर 2023 ते जानेवारी 2024 या काळात राज्यातल्या सेविकांना मानधनवाढीसाठी संप करावा लागला. आमची सेविका त्या संपात होती. घरी सासरे म्हणाले, "सेवेचं काम, संप कशाले?" सेवा हा शब्द आपल्या गावाच्या नावातच आहे, त्याचा आम्हाला आदर आहे. पण बाईच्या कामाला सेवा म्हटले की दाम विचारायचा नसतो, असे जे गृहीत धरले जाते, त्याला आमचा विरोध आहे.

सगळ्यात जास्त काळजी आम्हाला वाटते ती आमच्या लेकीच्या पिढीची. ती शिकली, आम्ही उपास करून शिकवले. पण ती ज्या कार्यालयात बसते तिथे तिचा मालक कोण, तेच तिला नक्की सांगता येत नाही. कार्यालय म्हणते ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो कार्यालयाला विचारा. भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, पण सात महिने तो भरलाच नव्हता. मोबाइलवर पाहिले तेव्हा कळले. तक्रार केली तर दर अकरा महिन्यांनी होणारी नेमणूक पुढच्या वेळी होणार नाही, ही धास्ती. कायद्याने बाळंतपणाची रजा 2017 मध्ये 26 आठवडे झाली. तिच्या शेजारच्या टेबलावरची मुलगी मात्र सातव्या महिन्यात "आपणहून" काम सोडून गेली. 1929 च्या कायद्यापासून आपण इथवर आलो, आणि अकरा महिन्यांच्या एका कागदाने ते सारे हातचे जाते.

आता दादांच्या म्हणण्याकडे पुन्हा येतो. लेकीने आम्हाला एक गोष्ट समजावून दिली. 2023 चे अर्थशास्त्राचे नोबेल अमेरिकेतल्या क्लॉडिया गोल्डिन या बाईंना मिळाले. त्यांनी अमेरिकेतली दोनशे वर्षांची माहिती पाहून दाखवले की, शेतीच्या काळात बाया भरपूर काम करीत, कारखाने आले आणि घरची कमाई वाढली तशा बाया घरी बसल्या, आणि पुढे शिक्षण व चांगल्या नोकऱ्या वाढल्या तेव्हा पुन्हा बाहेर पडल्या. आधी उतार, मग चढ. आपल्याही घरांत हा उतार आला. नवऱ्याला रेल्वेत, शाळेत, आयुधनिर्माणीत नोकरी लागली की पहिली गोष्ट म्हणजे बायकोचे वावरात जाणे बंद. उन्हात वाकणे सुटले, ते बरेच झाले, त्याचे दुःख कोण करेल? पण त्याबरोबर तिच्या हातातले चार पैसेही सुटले, आणि वरच्या जातींच्या घरांतली जी रीत आपण नाकारली होती ती प्रतिष्ठा म्हणून मागच्या दाराने आत आली.

देशाच्या पाहणीचे आकडे सांगतात की, 15 वर्षांवरच्या बायांपैकी 2017-18 मध्ये 23.3 टक्के कामात होत्या किंवा काम शोधत होत्या, 2023-24 मध्ये 41.7 टक्के. वाढ मोठी दिसते. पण त्यातल्या पुष्कळ जणी घरच्याच शेतीत किंवा घरच्याच दुकानात बिनपगारी आहेत. म्हणजे काम मोजले गेले, दाम नाही. आजीची ज्वारी तरी पायलीत मोजली जायची!

तेव्हा दादा, बाईला कामाला जायची पाळी येऊ नये असे म्हणू नका. तिला मिळेल ते काम, मिळेल त्या भावात करायची पाळी येऊ नये, असे म्हणा. मग आम्हीही टाळ्या वाजवू.

विहार समितीकडे आमच्या तीन मागण्या आहेत, आणि त्या आम्ही लेखीही दिल्या आहेत. पहिली, समितीच्या बैठका दुपारी होतात, तेव्हा आम्ही वावरात किंवा ड्युटीवर असतो. त्या रात्री आठनंतर घ्याव्यात. दुसरी, विहाराचा मागचा हॉल आठवडाभर रिकामा असतो. निंदणाच्या आणि वेचणीच्या दिवसांत तो सकाळी आठ ते सहा लहान लेकरांसाठी उघडावा. सांभाळायला मंडळातल्या दोन म्हाताऱ्या तयार आहेत, पण त्यांनाही रोज दिला पाहिजे, सेवा म्हणून नव्हे. तिसरी मागणी जराशी कडू आहे. वर्गणीत अर्ध्याहून जास्त पैसा बायांचा असतो, आम्ही पावतीपुस्तके पाहिली आहेत. पण कोषाध्यक्ष आजवर एकही बाई झाली नाही. यंदाच्या निवडीत ते व्हावे.

आणि मंडळाकडून आम्ही एक काम सुरू केले आहे. एक मोठी वही केली आहे. कोणाच्या वावरात कोणत्या कामाला किती रोजी मिळाली, किलोला काय भाव दिला, काटा कोणाचा होता, ठेकेदाराने निधी भरला की नाही, हे त्यात दर रविवारी वंदनेनंतर लिहायचे. एका गावची बाई दुसऱ्या गावचा भाव पाहू शकली, तर मालकाशी बोलताना तिचा आवाज वेगळा निघतो, हा आमचा गेल्या हंगामातला अनुभव आहे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, आमची लेक लिहून घेते. वही आत्ता चपला काढतो त्या दारापाशी टेबलावर ठेवली आहे. पहिल्या पानावर आमच्या पाच जणींची रोजी लिहिली आहे, दुसरे पान कोरे आहे.

जयभीम.